रस्त्यावरील वाहनबिघाड व मार्गसाहाय्य (छत्रपती संभाजीनगर परिसर)

मार्गसाहाय्य म्हणजे प्रवासात मोटार वाहन बंद पडल्यास, त्याचे चाक निकामी झाल्यास किंवा अपघातानंतर ते चालविण्यायोग्य न राहिल्यास जागेवर दिली जाणारी मदत होय. तिचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. जॅक, पाना आणि स्टेपनी यांच्या साहाय्याने चालकाने स्वतः करावयाची दुरुस्ती हा पहिला भाग, तर वाहन ओढून किंवा उचलून गॅरेजपर्यंत नेण्याची सेवा, अर्थात टोइंग, हा दुसरा. टोइंगचा खर्च कोणी सोसावयाचा हे वाहनविम्याच्या अटींवर अवलंबून असते. शहरी बोलीत ‘टोइंग’ म्हटले की नो पार्किंगमधील गाडी उचलून नेणारे वाहतूक पोलिसांचे वाहन प्रथम डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही.

छत्रपती संभाजीनगर शहर अनेक महत्त्वाच्या मार्गांच्या संगमावर वसले आहे. पुणे, जालना व जळगाव या दिशांना जाणारे रस्ते, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग या परिसरातून जातात. या मार्गांचे स्वरूप परस्परांहून भिन्न असल्यामुळे त्यांवरील बिघाडाची हाताळणीही भिन्न ठरते.

परिसरातील मार्ग

पुणे किंवा जालना मार्गावर दर काही किलोमीटरला टायर टांगलेली टपरी दिसते. पंक्चर काढणारा कारागीर, हवा भरण्याचे यंत्र आणि चहाचे हॉटेल एकाच ठिकाणी मिळत असल्याने या रस्त्यांवर चाक बसणे ही बहुधा अर्ध्या-पाऊण तासाची अडचण असते. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात कुशल यंत्र-कारागिरांचीही वाण नाही. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ पासून, तर स्कोडाचा शेंद्रा येथील मोटार जुळणी कारखाना २००१ पासून कार्यरत आहे.

समृद्धी महामार्गावर हे चित्र पालटते. सुमारे ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने उभारला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर ठरावीक ठिकाणांहूनच प्रवेश करता येतो व बाहेर पडता येते. दोन्ही बाजूंना कुंपण असल्याने शेजारच्या गावातील पंक्चरवाला दुचाकीवर साहित्य घेऊन येऊ शकत नाही; मुळात दुचाकींना तेथे प्रवेशच नाही. मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. मार्गावर नियंत्रण कक्ष, गस्तीची वाहने, रुग्णवाहिका आणि क्रेन यांची व्यवस्था असली, तरी मदत पोहोचेपर्यंतचा काळ प्रवाशांना वेगवान वाहतुकीच्या कडेलाच काढावा लागतो.

सोलापूर–धुळे मार्गावरील कन्नड घाट (औट्रम घाट) हे या परिसरातील तिसऱ्या प्रकारचे उदाहरण होय. चढ, वळणे आणि अरुंद कडा यांमुळे तेथे एक वाहन बंद पडले तरी मागे रांग लागते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे या घाटात दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली होती. अशा वेळी टोइंगची गाडीही त्याच रांगेत अडकते, हे ध्यानात घ्यावे लागते.

अलीकडील घटना

सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर दौलताबादजवळील माळीवाडा परिसरात रात्रीच्या वेळी काही वाहनांची चाके एकामागून एक पंक्चर झाली. रस्त्यावर खिळे ठोकल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली आणि लूटमारीचा संशयही व्यक्त झाला. प्रत्यक्षात ते खिळे नव्हते. काँक्रीटमधील बारीक भेगा भरण्यासाठी इपॉक्सी हे रासायनिक मिश्रण दाबाने आत सोडतात. त्यासाठी बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या पृष्ठभागावर राहिल्या होत्या, असा खुलासा महामंडळाने केला. त्याआधी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाशिम जिल्ह्यातील मालेगावनजीक याच महामार्गावर पडलेल्या लोखंडी फलकामुळे रात्री पन्नासहून अधिक वाहनांची चाके निकामी झाल्याचे वृत्त होते.

या दोन घटनांतून मार्गसाहाय्याची एक मर्यादा स्पष्ट होते. मोटारीत स्टेपनी एकच असते. एकाच अडथळ्यावरून पुढचे आणि मागचे अशी दोन चाके गेल्यास उत्तम जॅक व निष्णात चालक असूनही वाहन जागचे हलत नाही आणि टोइंग हाच मार्ग उरतो.

तिसरी घटना अधिक गंभीर आहे. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी वैजापूर तालुक्यातील जांबरगावनजीक समृद्धी महामार्गावर थांबलेल्या ट्रकवर एक मिनीबस मागून आदळली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. तो ट्रक चाक निकामी झाल्यामुळे थांबलेला नव्हता. परंतु द्रुतगती मार्गावर थांबलेले वाहन, मग ते कोणत्याही कारणाने थांबलेले असो, मागून येणाऱ्यांसाठी काय ठरू शकते याचे हे जवळचे उदाहरण आहे.

थांबण्याची जागा व इशारा

ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ३३ मीटर अंतर कापते. चालकाला अडथळा दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गृहीत धरल्यास तेवढ्यात ५० मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेक लावूनही वाहन थांबण्यास आणखी सुमारे ८० मीटर लागतात. म्हणजेच एकूण अंतर १३० मीटरच्या आसपास जाते. ओल्या रस्त्यावर किंवा झिजलेल्या टायरवर ते आणखी वाढते. परावर्तक इशारा त्रिकोण वाहनापासून चार-पाच पावलांवर ठेवल्यास त्याचा द्रुतगती मार्गावर काहीच उपयोग होत नाही, तो यामुळेच. साध्या रस्त्यावर पन्नासेक मीटर मागे ठेवलेला त्रिकोण पुरतो. समृद्धीसारख्या मार्गावर तो याहून बराच मागे हवा. मात्र तो ठेवण्यासाठी वाहतुकीच्या मार्गिकेतून चालत जाऊ नये. संरक्षक कठड्याच्या बाहेरून जाणे शक्य नसल्यास चारही इंडिकेटर चालू ठेवून नियंत्रण कक्षाच्या पथकाची वाट पाहणे अधिक सुरक्षित असते.

चाक बसल्याचे जाणवताच जागीच ब्रेक लावण्याची प्रवृत्ती असते. वेग हळूहळू कमी करीत वाहन डाव्या कडेला, शक्यतो कठडा सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या जागेत किंवा पुढील निर्गमनापर्यंत नेणे इष्ट होय. बसलेल्या चाकावर काही शे मीटर चालविल्यास टायर आणि कदाचित रिमही वाया जाते. त्याचा खर्च काही हजार रुपयांचा असतो. मधल्या मार्गिकेत थांबण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. वाहन थांबल्यावर प्रवाशांनी डाव्या दरवाजाने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. मोटारीत बसून राहणे किंवा तिच्या मागे उभे राहून हातवारे करणे या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

उजव्या बाजूचे चाक बदलताना माणसाला वाहतुकीकडे पाठ करून जमिनीलगत बसावे लागते. कडेची पट्टी अरुंद असेल, रात्र असेल किंवा वळण असेल, तर जॅक बाहेर काढूच नये. चाक बदलता येणे हे कौशल्य आहेच. परंतु ते कोठे करू नये हे ओळखणे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि चाक बदलण्याच्या बहुतेक सूचनापुस्तिकांत यावर एखाद-दुसरी ओळच आढळते.

स्टेपनी

मराठीत रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लनेथली या गावाच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आला. १९०४ च्या सुमारास तेथील डेव्हिस बंधूंनी निकामी चाकाला बाहेरून जखडता येईल असे आरे नसलेले जादा चाक बनविण्यास प्रारंभ केला आणि ते ‘स्टेपनी’ या नावाने विकले. खुद्द ब्रिटनमध्ये हा शब्द मागे पडला. भारतात मात्र तो गॅरेजपासून शासकीय निविदांपर्यंत टिकून आहे.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टायरमधील दाब दर्शविणारी यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिली नाही. त्यामुळे अनेक नव्या, विशेषतः विद्युत मोटारींत डिक्कीच्या तळाशी चाकाऐवजी केवळ एक छोटा हवा भरण्याचा पंप आणि द्रवाची बाटली आढळते. टायरच्या तळव्यात रुतलेल्या खिळ्यासाठी हा संच पुरेसा असतो. टायरची बाजू चिरली गेल्यास त्याचा उपयोग होत नाही. आपल्या मोटारीत स्टेपनी आहे की संच, हे खरेदीच्या वेळी न पाहिलेल्या मालकाला त्याचा उलगडा अनेकदा रस्त्यावरच होतो.

काही मोटारींतील स्टेपनी मूळ चाकांपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटर अशी वेगमर्यादा छापलेली असते. स्टेपनीतील हवा वर्षानुवर्षे तपासली जात नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. सीएनजी मोटारींत टाकीमुळे स्टेपनीची जागा बदललेली असते, तर काही मोठ्या मोटारींत ती गाडीखाली साखळीने टांगलेली असते व ती खाली उतरविण्यासाठी स्वतंत्र दांडा लागतो. तो दांडा कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे.

जॅक

बहुतेक मोटारींसोबत कात्रीच्या आकाराचा स्क्रू जॅक मिळतो. दांडा फिरविला की मधला आडवा स्क्रू जॅकचे दोन सांधे जवळ आणतो आणि वरचा माथा उचलला जातो. हा जॅक पूर्ण मिटलेला असताना त्याची यांत्रिक सोय सर्वांत कमी असते. म्हणून सुरुवातीचे वेढे जड जातात आणि नंतरचे हलके. बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर चालतो आणि कमी श्रमात अधिक वजन उचलतो. तथापि त्याची किमान उंची अधिक असल्यामुळे, चाक बसून खाली गेलेल्या लहान मोटारीखाली तो कित्येकदा शिरत नाही. ट्रक व जीपसाठी तो योग्य होय.

जॅक लावण्याची जागा ठरलेली असते. दरवाजाखालच्या पत्र्याच्या उभ्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, खाचा किंवा खुणा असतात. त्याशिवाय इतरत्र जॅक लावल्यास पत्रा दबतो, अथवा जॅक निसटून मोटार खाली येते.

जमिनीचा प्रश्न मराठवाड्यात विशेष महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात दगडासारखी वाटणारी काळी माती पावसाळ्यात फुगून मऊ होते आणि वजन येताच जॅकचा लहानसा पाया तिच्यात रुततो. डांबराची कड सोडून मातीत उतरलेल्या मोटारीखाली जॅक लावताना त्याच्या पायाखाली जाड लाकडी फळी हवी. साधारण एक फूट लांबीचा फळीचा तुकडा डिक्कीत ठेवल्याने हा प्रश्न सुटतो. दगडांची चळत रचून त्यावर जॅक उभा करणे मात्र धोक्याचे आहे.

चाक बदलण्याचा क्रम असा: सपाट जागा पाहून हँडब्रेक लावावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये (स्वयंचलित असल्यास पार्किंगमध्ये) ठेवावी आणि तिरप्या विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा वेढा सैल करावेत. गाडी उचलल्यानंतर हे केल्यास चाक फिरते आणि जोर लावताना गाडी जॅकवरून ढकलली जाते. त्यानंतर गाडी उचलावी. स्टेपनी बसविण्याआधी ती आडवी करून जॅकच्या शेजारी गाडीखाली सरकवून ठेवण्याची कारागिरांची पद्धत अनुकरणीय आहे, कारण जॅक निसटलाच तर गाडीचे वजन चाकावर येते, हातावर नव्हे. चाक बदलताना काढलेले चाक त्याच जागी सरकवावे. नट एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, गाडी खाली उतरवून पुन्हा घट्ट करावेत आणि सुमारे ५० किलोमीटरनंतर एकदा तपासावेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने अंगाचा कोणताही भाग घालू नये.

प्रत्यक्षात बरेच जण अडतात ते जॅकवर नव्हे, तर नटांवर. टायरच्या दुकानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने आवळलेले नट गाडीसोबतच्या आखूड पान्याने हलत नाहीत. लांब दांड्याचा किंवा अधिक-चिन्हाच्या आकाराचा पाना बाळगणे आणि प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर एक नट हाताने सैल होतो का ते पाहणे, हा त्यावरील साधा उपाय आहे. मिश्रधातूच्या चाकांना चोरीपासून संरक्षण देणारा विशेष नट असल्यास त्याची चावी गाडीतच असावी; घरच्या कपाटात ठेवलेली चावी रस्त्यावर निरुपयोगी ठरते.

टायरची काळजी हा यापूर्वीचा टप्पा होय. मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासणीच्या मोहिमा घेतल्या. दाब थंड टायरमध्येच तपासावा. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, तापतो आणि उन्हाळ्यात दीर्घ वेगवान प्रवासात फुटण्याचा संभव वाढतो. नायट्रोजन भरल्याने टायर फुटत नाही, हा समज अतिशयोक्त आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टोइंग

वाहन नेण्याच्या तीन पद्धती आहेत: दोर किंवा दांड्याने ओढणे, दोन चाके उचलून नेणे आणि संपूर्ण वाहन सपाट गाड्यावर चढविणे. स्वयंचलित गिअरच्या, चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या आणि विद्युत मोटारी शक्यतो सपाट गाड्यावरच न्याव्यात, अन्यथा फिरत्या चाकांमुळे आतील यंत्रणेची हानी होऊ शकते. मदत मागवितानाच मोटारीचा प्रकार सांगितल्यास चुकीची क्रेन येण्याचा प्रसंग टळतो.

दोराने ओढताना इंजिन बंद असल्यास ब्रेकला मिळणारी निर्वात यंत्रणेची मदत थांबते आणि पॅडल कठीण होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. चावी काढून घेतल्यास स्टिअरिंग कुलूपबंद होते. त्यामुळे ओढल्या जाणाऱ्या मोटारीत परवानाधारक व्यक्ती बसलेली असणे, दोन वाहनांतील अंतर पाच मीटरहून अधिक नसणे आणि वेग ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या आत ठेवणे या नियमांमागे केवळ औपचारिकता नाही. या वेगामुळेच दोराने ओढणे द्रुतगती मार्गावर सर्वथा अयोग्य ठरते.

साहाय्यासाठी राष्ट्रीय महामार्गांवर १०३३, कोणत्याही आपत्कालीन प्रसंगी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाच्या अखत्यारीत असल्याने तेथे महामंडळाच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा लागतो. ठिकाण सांगताना जवळच्या गावापेक्षा कडेच्या किलोमीटर-दर्शक फलकावरील आकडा आणि प्रवासाची दिशा अधिक उपयोगी पडते.

विमा संरक्षण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सक्तीचा असलेला तृतीय-पक्ष विमा इतरांच्या हानीपुरता असतो. त्यातून स्वतःचे वाहन ओढून नेण्याचा खर्च मिळत नाही.

सर्वसमावेशक विम्याबाबत गैरसमज अधिक आहेत. खासगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रात अपघातानंतर वाहन नजीकच्या दुरुस्तीकाराकडे नेण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आढळते. दुचाकीसाठी ही मर्यादा ३०० रुपये आहे. ही रक्कम विमासंरक्षित अपघातापुरतीच आहे. यांत्रिक अथवा विद्युत बिघाड हा विम्यातून वगळलेला असल्याने इंजिन तापून बंद पडलेली मोटार ओढण्याचा खर्च त्यात बसत नाही. टायरबाबत अट याहून कडक आहे: त्याच वेळी वाहनाचेही नुकसान झाले असेल तरच टायरची भरपाई मिळते, आणि तीही नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत. माळीवाड्यासारख्या घटनेत केवळ चाके निकामी झालेल्या मालकाला सर्वसमावेशक विमा असूनही मूळ विमापत्रातून काहीही मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी मार्गसाहाय्याचे पूरक संरक्षण जादा हप्त्यावर घेता येते. त्यात सामान्यतः टोइंग, चाक बदलून देणे, उतरलेल्या बॅटरीला चालना, इंधन पोहोचविणे आणि हरवलेल्या चावीबाबत मदत यांचा समावेश असतो. वाहन-उत्पादक कंपन्याही अशा योजना देतात. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्था आपल्या सभासदांना अशी मदत त्याआधीपासून पुरवीत आल्या आहेत. एकाच मोटारीवर उत्पादक व विमा कंपनी अशा दोन योजना एकाच वेळी चालू असणे हेही विरळ नाही.

योजनांचे नाव एक असले तरी आशय वेगळा असतो. विनामूल्य टोइंगची मर्यादा किती किलोमीटर आणि ते अंतर एकेरी की येऊन-जाऊन, वर्षातून किती वेळा, वाहन जवळच्या गॅरेजमध्ये नेणार की मालकाच्या पसंतीच्या, पथकर कोणी भरावयाचा, सुट्या भागांचा खर्च वेगळा का, हे मुद्दे हप्त्याच्या रकमेपेक्षा निर्णायक ठरतात. समृद्धीवर एक निर्गमन चुकले की पुढील निर्गमनापर्यंत आणि तेथून उलट फिरून शहरापर्यंतचे अंतर मोजले जाते. कमी किलोमीटरची मर्यादा तेथे चटकन संपते. नियंत्रित प्रवेशाच्या मार्गावर एक दूरध्वनी पुरेसा नसतो. वाहन सुरक्षित जागी हलविण्यासाठी प्रथम मार्गाच्या नियंत्रण कक्षाला आणि पुढील वाहतुकीसाठी विमा कंपनीला, असे दोन्हीकडे कळवावे लागते. कंपनीला न विचारता परस्पर खासगी क्रेन बोलाविल्यास तिच्या बिलाच्या परताव्यावरून वाद उद्भवू शकतो.

विमापत्रातील आणखी एक अट दुर्लक्षिली जाते. अपघात किंवा बिघाडानंतर वाहन योग्य खबरदारीशिवाय बेवारस सोडू नये. आवश्यक दुरुस्तीपूर्वी ते चालविल्यास वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी मालकावर राहते. तळाला दगड लागून तेल गळत असलेली मोटार ‘गावापर्यंत जाईल’ म्हणून चालविल्यास इंजिन जाम होते आणि त्या हानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. टोइंगचे पैसे वाचविण्याचा हा प्रयत्न सर्वांत महाग पडतो.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सार्वजनिक जागी सोडता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस राहिलेले वाहन हलविण्याचा अधिकार कलम १२७ अन्वये गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास आहे आणि ते हलविण्याचा खर्च मालकाकडून वसूल केला जातो. वाहतुकीस धोका निर्माण करणारे वाहन हलविण्यासाठी दहा तासांची वाट पाहावी लागत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट केलेले कलम १३४अ अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. हे संरक्षण मोटार अपघातातील पीडितास केलेल्या मदतीपुरते आहे. रस्त्याकडेला अनोळखी माणसाची गाडी दोराने ओढून देताना झालेल्या नुकसानीला ते लागू होत नाही.